विंडोजचा परवाना कोणाचा? यंत्राचा की मालकाचा?

मे महिन्याच्या अखेरीस आंब्याचा हंगाम उतरणीला लागतो आणि दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढू लागतात. पावस, गोळप, पूर्णगड या पट्ट्यातील माणसाला हे ढग ओळखीचे आहेत. पाऊस येईल न येईल, वीज मात्र हमखास कडाडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाल्याच्या दारात टीव्ही, पंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टर आणि हल्ली कॉम्प्युटर अशी रांग लागलेली असते. २०२४ च्या मे महिन्यात त्या रांगेत आमच्या दुकानाचा कॉम्प्युटरही होता.

आमचा धंदा आंब्याच्या पेट्या, पुठ्ठ्याचे खोके आणि फवारणीच्या औषधांचा. बागायतदाराला हंगामभर माल उधार द्यायचा आणि त्याचा आंबा विकला गेला की वसुली करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. ही उधारी पूर्वी लाल वहीत असे, आता ती कॉम्प्युटरमध्ये असते. वीज पडली ती नेमकी वसुलीच्या तोंडावर. हार्ड डिस्क वाचली होती, मदरबोर्ड जळाला होता. यंत्र पाच वर्षांचे, वॉरंटी कधीच संपलेली. दुरुस्तीवाल्याने मुंबईहून दुसऱ्याच कंपनीचा जुना बोर्ड मागवून बसवला. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला, खाती जशीच्या तशी दिसली आणि आमचा जीव भांड्यात पडला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट इंग्रजी अक्षरे उमटली होती. विंडोज अधिकृत करून घ्या, असा त्यांचा मतलब होता.

आम्ही विचारले, "हे काय नवीन?" दुरुस्तीवाला म्हणाला, "काही नाही भाई, पाचशेत की टाकून देतो." त्याने की टाकली, अक्षरे गेली, आम्ही पैसे दिले. बिल मागितले नाही. सहा महिन्यांनी हिवाळ्यात तीच अक्षरे पुन्हा कोपऱ्यात येऊन बसली. त्याला फोन केला तर म्हणाला, "आता ती की चालत नाही, दुसरी टाकावी लागेल." म्हणजे आणखी पाचशे. तेव्हा कुठे आम्हाला प्रश्न पडला की २०१९ मध्ये आम्ही पूर्ण पैसे मोजून जे "ओरिजिनल विंडोज" घेतले होते, ते गेले कुठे? मूळ बिल शोधून काढले. त्यावर एवढेच लिहिले होते: कॉम्प्युटर संच, नग १. विंडोजचे नाव नाही, किंमत नाही, प्रकार नाही. दुकानदाराने लिहिले नाही आणि आम्ही विचारले नाही. पेट्यांच्या लाकडाचा प्रकार आणि खिळ्यांचा नंबर विचारून सौदा करणारे आम्ही, त्या दिवशी गप्प बसलो. हा दोष प्रथम आमचा आहे, हे कबूल करूनच पुढे लिहीत आहोत.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांचा समज असा की विंडोज ही कॉम्प्युटरमध्ये भरलेली एक वस्तू आहे. पैसे दिले, ती आपली झाली, उद्या यंत्र बदलले तर ती काढून दुसऱ्यात टाकता येईल. वस्तुस्थिती निराळी आहे. आपण विकत घेतो तो वापरण्याचा परवाना. कोकणात बाग खंडाने घेणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याने त्या मोसमाचे फळ घेतले, झाडे नव्हेत. मात्र खंडाच्या सौद्यात कोणती कलमे, किती मोसम, फवारणी कोणाची, हे सारे आधी बोलले जाते. विंडोजच्या सौद्यात कोणी काही बोलत नाही. अटी असतात, पण त्या यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत येतात आणि "मान्य आहे" हे बटण बहुधा दुकानातला मुलगाच आपल्या वतीने दाबून टाकतो.

त्या अटींत हस्तांतराचे कलम आहे आणि ते फारसे अवघड नाही. परवाने मुख्यतः दोन जातींचे. एक यंत्राबरोबर आलेला, ज्याला धंद्यात ओईएम म्हणतात. दुसरा स्वतंत्रपणे, खोक्यात किंवा कंपनीकडून ऑनलाइन विकत घेतलेला. त्याला रिटेल म्हणतात. ओईएम परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. यंत्र दुसऱ्याला विकले तर परवाना यंत्राबरोबर जातो, पण एका यंत्रातून काढून दुसऱ्यात नेता येत नाही. रिटेल परवाना मालकाचा. तो आपल्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, अट एवढीच की जुन्या यंत्रावरून तो काढला पाहिजे. एका परवान्यावर दोन यंत्रे चालवता येत नाहीत. रिटेल परवाना पहिल्या खरेदीदाराला दुसऱ्या माणसाच्या यंत्रासाठीही देता येतो, मात्र नव्या वापरणाऱ्याने त्या अटी मान्य केल्या पाहिजेत.

आमच्या एका रिक्षावाल्या मित्राला हे सांगितले तेव्हा तो चटकन म्हणाला, "म्हणजे एक आमच्या परमिटसारखा आणि एक चासिस नंबरसारखा." याहून चांगला दाखला आम्हाला सुचला नसता. रिक्षा जुनी झाली म्हणून परमिट भंगारात जात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे परमिटधारक परवानगी घेऊन त्याच प्रकारचे दुसरे वाहन त्या परमिटवर लावू शकतो. चासिस नंबर मात्र त्या सांगाड्याचा. सांगाडा गेला की नंबर गेला. रिटेल विंडोज परमिटसारखे, ओईएम विंडोज चासिस नंबरसारखे. आमचे होते ते ओईएम. बोर्ड जळाला त्या रात्री आमचा परवानाही जळाला असे समजून आम्ही चालत होतो. तेही पूर्ण खरे नव्हते, असे पुढे कळले.

कारण या बाबतीत एक बारीक नियम आहे आणि तो वीज पडणाऱ्या मुलखातल्या प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या ओईएम धोरणाप्रमाणे यंत्राची ओळख म्हणजे त्याचा मदरबोर्ड. रॅम वाढवा, हार्ड डिस्क बदला, पडदा बदला, परवान्याला धक्का लागत नाही. बोर्ड हौसेने किंवा वेग वाढवण्यासाठी बदलला तर ते नवे यंत्र समजले जाते आणि नवा परवाना लागतो. परंतु बोर्ड नादुरुस्त झाला म्हणून बदलला आणि नवा बोर्ड त्याच मेक-मॉडेलचा, किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने वॉरंटीच्या नियमांप्रमाणे समतुल्य ठरवलेला असला, तर जुनाच परवाना चालू राहतो. म्हणजे दुरुस्तीवाल्याने त्याच कंपनीचा तसाच बोर्ड मिळवून दिला असता तर आमचा परवाना टिकवण्याचा रस्ता होता. त्याने तो सांगितला नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. स्वस्त पडतो तो बोर्ड त्याने आणला आणि परवान्याच्या जागी पाचशेची की टाकली.

ही पाचशेची की काय चीज असते, तेही सांगितले पाहिजे. परवान्याची तिसरी एक जात आहे, व्हॉल्यूम. मोठ्या कंपन्या, विद्यापीठे, बँका शेकडो यंत्रांसाठी घाऊक परवाना घेतात. त्यातल्या एका प्रकारात प्रत्येक यंत्राला त्या संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधून परवाना ताजा करावा लागतो आणि १८० दिवसांत तो झाला नाही तर अधिकृतपणा संपतो. अशा घाऊक परवान्यातल्या किल्ल्या बाहेर निसटतात, नकली सर्व्हरच्या युक्त्या निघतात, आणि "लाइफटाइम ओरिजिनल" म्हणून काही शे रुपयांना विकल्या जातात. आमची की याच जातीची निघाली. मे ते हिवाळा, सहा महिन्यांचा हिशेब बरोबर जुळला.

हे आम्ही कसे ओळखले? कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकत्र दाबली की एक लहान चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरे जोडून लिहावीत, मग एक मोकळी जागा सोडावी, मग उजवीकडे झुकणारी तिरकी रेघ आणि तिला लागून डी, एल, आय. एंटर दाबल्यावर थोड्या वेळात दुसरी चौकट येते. तिच्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द सापडेल. दुकानाच्या यंत्रावर व्हॉल्यूम दिसला आणि आपण कोणत्या मोठ्या संस्थेचा भाग नसलो, तर कोणीतरी आपल्याला फसवले आहे असे खुशाल समजावे. एक सावधगिरी मात्र पाहिजे. विंडोज ७ किंवा ८ असलेल्या जुन्या यंत्रावर पुढे फुकटात विंडोज १० चढवून घेतले असेल, तर चौकट रिटेल दाखवते, पण मूळ परवाना ओईएम असेल तर तो ओईएमच राहतो. अटींत तसे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे निव्वळ पडद्यावर न जाता बिल पाहावे. बिलावर काही लिहिलेले असेल तर!

ज्यांचा परवाना खरोखर रिटेल आहे त्यांचे काम सोपे. जुने यंत्र चालू स्थितीत असेल तर त्यावरून पंचवीस अक्षरांची की काढून टाकावी आणि नव्या यंत्रावर तीच भरावी. होमची की प्रोवर चालत नाही, एवढे पाहावे. की हरवली असेल, पण परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर नव्या यंत्रावर त्याच खात्याने प्रवेश करून अधिकृत करण्याच्या पानावर "हार्डवेअर नुकतेच बदलले" हा पर्याय निवडता येतो. ही सोय २०१६ च्या विंडोज १० पासून आली. जोडणी मात्र यंत्र जिवंत असतानाच करून ठेवावी लागते, आणि खाते स्वतःच्या नावाचे असावे. आमच्या पाहण्यात अशी दुकाने आहेत जिथे हे खाते यंत्र विकणाऱ्याच्या नोकराच्या ईमेलवर उघडलेले होते. तो नोकर पुढे दुबईला गेला. आता परवाना कोणाचा?

यंत्र बदलण्याच्या वेळी व्यापाऱ्याला खरी धास्ती असते ती हिशेबाची. तेव्हा हेही स्पष्ट करावे की परवाना गेल्याने खाती जात नाहीत. अधिकृत नसलेले विंडोज चालते, फक्त कोपऱ्यात अक्षरे दिसतात आणि पडद्याची सजावट बदलता येत नाही. फायली डिस्कवर सुरक्षित असतात. धोका आहे तो निराळ्या ठिकाणी. विंडोज ११ च्या अनेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. बोर्ड जळाला आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. खाते आपल्या हातात नसेल तर हंगामाची सगळी उधारी डोळ्यांसमोर असूनही हाती येणार नाही. आमच्या २०१९ च्या यंत्रात हे कुलूप नव्हते म्हणून आम्ही वाचलो. नवे यंत्र घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून दुकानाच्या परवान्याच्या फायलीत ठेवावी.

आता कायद्याकडे वळू. पाचशेच्या कीने काम भागत असेल तर एवढी उस्तवार कशाला, असे म्हणणारे बांधव आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले. कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. न्यायालयाला कैद माफ करण्याची मुभा आहे, पण ती केव्हा? प्रोग्रॅम फायद्यासाठी किंवा व्यापार-धंद्यात वापरलेला नसेल तेव्हा. घरी पोरगा खेळतो त्याला ही सवलत, गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला नाही. पाचशे रुपये वाचवण्याचा हा सौदा नफ्याचा म्हणायचा का, हे ज्याचे त्याने गणित मांडून पाहावे.

परंतु कायद्याचा बडगा फक्त वापरणाऱ्याला दाखवून आम्ही गप्प बसणार नाही. कारण या व्यवहारात दुसऱ्या बाजूकडेही काही देणे लागते. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा "माल" आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस खटल्यात, प्राप्तिकराच्या वादात, त्याच न्यायालयाने म्हटले की सॉफ्टवेअरची प्रत विकत घेणे निराळे आणि त्यातला कॉपीराइट विकत घेणे निराळे. ग्राहकाने प्रतीसाठी दिलेले पैसे ही रॉयल्टी नव्हे. म्हणजे कराच्या वेळी तो विकलेला माल ठरतो. ज्याने तो माल घेतला त्याने एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेतो म्हटले, की मग तो माल राहत नाही, केवळ परवानगी होते आणि परवानगीला अटी असतात. विकताना माल आणि हलवताना परवानगी, हे आमच्या साध्या व्यापारी बुद्धीला पटत नाही.

युरोपातल्या न्यायालयांनाही ते पूर्ण पटलेले नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली ठरवले की एकदा बाजारात आलेली ओईएम प्रत यंत्राशिवाय पुढे विकण्यास कॉपीराइटच्या आधारे मनाई करता येत नाही. पुढे ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात त्याहून पुढे जाऊन म्हटले की कायमच्या वापराचा परवाना पूर्ण किंमत घेऊन दिला, तर ती विक्रीच झाली. डाउनलोड केलेली प्रत असली तरी तो परवाना पुढे विकता येतो. विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे, ही अट तेथेही आहेच आणि ती न्यायाचीच आहे. हे निकाल आपल्याकडे लागू नाहीत. पण यंत्र मेले म्हणजे परवानाही मेलाच पाहिजे, हा काही निसर्गनियम नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

कंपनीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ओईएम परवाना यंत्राला बांधलेला असतो म्हणूनच तो यंत्र बनवणाऱ्यांना स्वस्तात दिला जातो आणि यंत्राची किंमत आवाक्यात राहते. रिटेल परवाना वेगळा घ्यायचा तर त्याची किंमत डोळ्यांत भरते. शिवाय या बांधणीचा एक फायदा गरीब गिऱ्हाइकालाच होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी यंत्रे घेऊन धंदा चालवणारे आमचे कित्येक शिंपी, झेरॉक्सवाले, फोटोग्राफर बांधव आहेत. अशा यंत्राचा ओईएम परवाना यंत्राबरोबरच येतो. विंडोज ८ नंतरच्या यंत्रांत तर की बोर्डाच्या चिपमध्येच भरलेली असते, जुन्या यंत्रांवर तिची चिकटपट्टी असते. ती पट्टी शाबूत आहे का, हे घेताना पाहावे आणि "नवीन विंडोज टाकून देतो" म्हणणाऱ्याला आधी थांबवावे. असलेला खरा परवाना बाजूला सारून खोटी की टाकल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. काही दुरुस्तीवाल्यांच्या हाताला क्रॅकची इतकी सवय झाली आहे की खरे समोर असले तरी त्यांना ते सुचत नाही!

तेव्हा स्वस्त परवाना बांधलेला असावा, याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो न सांगण्याला. शिलाई यंत्र बांधणीचे की सुटे, कापड कटपीस की ताग्यातले, हे सांगून विकणे हा बाजाराचा साधा धर्म आहे. कॉम्प्युटरच्या दुकानात "विंडोज ओरिजिनल आहे" एवढे एकच वाक्य ऐकू येते. ओरिजिनल तर दोन्ही असतात. बिलावर एक ओळ जास्त लिहायला दुकानदाराचे काय जाते? विंडोज ११ होम, ओईएम, याच यंत्रापुरते. किंवा विंडोज ११ प्रो, रिटेल, हलवता येण्याजोगे. आम्ही १८ टक्के जीएसटी भरतो तो कशावर भरतो, हे कळण्याचा हक्क आम्हाला आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापार पद्धती म्हटली आहे. "आम्ही व्यापारी, ग्राहक कायदा आमच्यासाठी नाही" असा समज आहे, तोही अर्धाच खरा. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी जो स्वतः वस्तू वापरतो त्याला हा कायदा ग्राहकच मानतो. फोटो स्टुडिओ एकट्याने चालवणारा, नक्षीचे डिझाइन कॉम्प्युटरवर काढणारा कारागीर, बिले टाइप करून देणारा मुलगा, हे सारे त्यात येऊ शकतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. परंतु पाचशे रुपये बिलाशिवाय मोजलेल्या आमच्यासारख्याने आयोगापुढे दाखवायचे काय?

वीज पडून जळालेल्या बोर्डाबद्दलही आम्हाला म्हणायचे आहे. पाच-सहा वर्षांच्या यंत्राचा तोच बोर्ड बाजारात मिळेनासा होतो. नियम म्हणतो तोच बसवा, बाजार म्हणतो तो संपला. मग दुरुस्ती केली तरी ती कागदोपत्री नवे यंत्र ठरते आणि मालक एक तर दुसऱ्यांदा पैसे भरतो किंवा पाचशेच्या कीकडे वळतो. खोट्या किल्ल्यांचा बाजार मोठा होतो त्याला गिऱ्हाइकाचा लोभ कारण आहेच, पण ही कोंडीही कारण आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यातली क्षेत्रे. दुरुस्तीचा हक्क म्हणजे केवळ सुटा भाग मिळण्याचा हक्क, एवढाच अर्थ धरला तर तो अपुरा आहे. यंत्र त्याच मालकाचे, त्याच डिस्कचे, त्याच दुकानातले. केवळ जळालेला बोर्ड बदलला, तर परवाना टिकला पाहिजे, असा नियम त्या हक्कात यावा. आमच्या तालुक्याच्या व्यापारी संघांनी हा मुद्दा लावून धरण्यासारखा आहे.

आणि हे अशक्य आहे असेही नव्हे. आपल्यातले बहुतेक जण ज्यात हिशेब लिहितात त्या टॅलीचेच पाहा. बंगळुरूच्या या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये परवाना "सरेंडर" करण्याची सोय आहे. जुन्या यंत्रावर सरेंडर केले की नव्या यंत्रावर तोच परवाना सुरू करता येतो. आमचे विंडोज गेले, टॅली मात्र टिकले, ही आम्हाला त्या वर्षी मिळालेली शिकवण. लिनक्सवर तर हा प्रश्नच नाही. ते कितीही यंत्रांवर टाका, हलवा, कोणी विचारत नाही. आपल्याच सी-डॅकने बॉस नावाचे लिनक्स तयार केले आहे. पण ज्याचे टॅली, मराठी टायपिंगचा जुना फाँट आणि प्रिंटर विंडोजवर बसलेला आहे, त्याला उद्यापासून लिनक्सवर या असे सांगणे म्हणजे डोलकाठी न बघता शीड बदला म्हणण्यासारखे आहे. ज्यांचे काम केवळ ईमेल, सरकारी फॉर्म आणि बिले छापण्याचे, त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

हा विषय आत्ताच का काढला, असे कोणी विचारील. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. वैयक्तिक ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. त्यामुळे गावोगावची दुकाने यंत्रे बदलण्याच्या घाईत आली आणि प्रत्येक बदलाबरोबर तोच प्रश्न उभा राहिला की जुन्यातले विंडोज नव्यात येईल का. ओईएम असेल तर नाही, आणण्याची गरजही नाही. नव्या यंत्राबरोबर त्याचे स्वतःचे येते. फक्त ते खरेच येते की बिनविंडोजचे यंत्र देऊन वर की टाकली जाते, एवढे बघावे. रिटेल असेल तर मात्र जुने यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी परवाना काढून घ्यावा आणि मगच बिनविंडोजचे नवे यंत्र घेण्याचा विचार करावा. तेवढा पैसा वाचतो.

आम्ही गेल्या हंगामाआधी नवे यंत्र घेतले. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीला गेलो, तीन दुकाने फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी ओईएम की रिटेल असे विचारताच समोरच्याने मालकाला हाक मारली, आणि मालकाने "अहो, ओरिजिनल आहे" हेच पुन्हा सांगितले. तिसऱ्या दुकानातल्या तरुण मुलाने प्रश्न नीट ऐकून घेतला. म्हणाला, "ओईएम आहे चाचा, याच यंत्रापुरते. बोर्ड गेला तर कंपनीकडूनच घ्या." आम्ही म्हटले, तेच बिलावर लिहून दे. बिलाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. त्याने पेनने खाली लिहिले, वर दुकानाचा शिक्का मारला आणि अर्थिंग तपासून घ्या म्हणून बजावले. अर्थिंगचे काम आम्ही त्याच आठवड्यात वायरमनकडून करून घेतले.